मागलें दार कीं महाद्वार ?

दोन वर्षांपूर्वीं भाद्रपदांत कॅलिफोर्नियांतील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं गणपतीच्या दर्शनास जाण्याचा योग आला. आरती झाली, मोदक वांटून झाले, आणि परदेशांतील मराठी मंडळी एकत्र जमली म्हणजे जो विषय निघाल्यावांचून राहत नाहीं तो निघाला : कोणाचा मुलगा कोठें, कोणाची मुलगी कोठें. नामांकित विश्वविद्यालयांचीं नांवें नैवेद्याच्या पानांतील पदार्थांसारखीं एकामागून एक वाढलीं जात होतीं. यजमानीणबाईंची पाळी आली. त्या क्षणभर घुटमळल्या आणि म्हणाल्या, "आमची पुढच्या वर्षीं बर्कलेला जाणार आहे." प्रश्न यंदाचा होता, उत्तर पुढल्या वर्षाचें आलें. मुलगी शेजारींच निरांजनाचें तबक घेऊन उभी होती. ती यंदा कोठें शिकते हें सांगण्यास आईची जीभ रेटेना. कारण ती घरापासून चार मैलांवरच्या कम्युनिटी कॉलेजांत तत्त्वज्ञान, इतिहास आणि वाङ्मय शिकत होती. कोपऱ्यांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं तें ताडलें आणि म्हटलें, "म्हणजे मागल्या दारानें कां ? तेंही बरें, पैसे वांचतात !" हंशा पिकला. मुलीनें तबक देवापुढें ठेविलें आणि ती आंत निघून गेली.

तो हंशा हाच या लेखाचा विषय होय. हंसणारी मंडळी दुष्ट नव्हती. उलट सुशिक्षित, सुस्वभावी आणि मुलांसाठीं खस्ता खाल्लेली होती. म्हणूनच तिच्या हंसण्याची चिकित्सा करणें आम्हांस अवश्य वाटतें. दुर्जनांचा पूर्वग्रह कायद्यानें आंवरतां येतो. सज्जनांचा पूर्वग्रह मात्र पिढ्यान्‌पिढ्या घरोघर नांदतो आणि कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे, कारण नांवाच्या सारखेपणामुळें आपल्याकडे मोठा घोटाळा होतो. महाराष्ट्रांत 'ज्युनिअर कॉलेज' म्हटलें म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेंत बारावी शाळेंतच संपते. तेथील 'ज्युनिअर कॉलेज', ज्याला पुढें 'कम्युनिटी कॉलेज' हें नांव रूढ झालें, तें बारावीनंतरचें होय. पदवीचा अभ्यास चार वर्षांचा. त्यांपैकीं पहिलीं दोन वर्षें येथें काढावयाचीं, सुमारें ६० क्रेडिटें पुरीं करावयाचीं, 'असोशिएट इन आर्ट्स' ही दोन वर्षांची पदवी घ्यावयाची, आणि मग चार वर्षांच्या विश्वविद्यालयांत तिसऱ्या वर्षास जाऊन मिळावयाचें, असा हा मार्ग आहे. या दोन वर्षांत जें शिकावयाचें त्यास तिकडे 'लिबरल आर्ट्स' म्हणतात. आपली 'आर्ट्स साइड' हा त्याचा अर्धवट तर्जुमा समजावा. त्यांत वाङ्मय, इतिहास व तत्त्वज्ञान हीं तर येतातच. पण गणित, एखादें सृष्टिशास्त्र, समाजशास्त्र, आणि सर्वांत मुख्य म्हणजे दर आठवड्याचें निबंधलेखन, हींही येतात. त्याच आवारांत परिचारिकांचे, मोटारदुरुस्तीचे आणि हिशेबनिसीचे वर्गही चालतात. प्रवेशास परीक्षेची चाळणी नाहीं. बारावी झालेला कोणीही यावा. एकट्या कॅलिफोर्नियांत अशीं ११६ कॉलेजें असून त्यांत सुमारें वीस लक्ष विद्यार्थी शिकतात. राज्याच्या रहिवाशास २०१२ पासून दर युनिटास ४६ डॉलर फी पडते. म्हणजे दोन वर्षांच्या ६० युनिटांस अवघे २,७६० डॉलर. त्याच राज्याच्या विश्वविद्यालयांत एका वर्षाची फीच याच्या कित्येक पट आहे.

या संस्थेच्या जन्माची कथा मोठी बोधप्रद आहे. शिकागो विश्वविद्यालयाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचें मत असें कीं, पदवीचीं पहिलीं दोन वर्षें म्हणजे शाळेचाच वाढीव भाग. तें ओझें विश्वविद्यालयाच्या शिरावरून उतरावें आणि विश्वविद्यालयानें खऱ्या संशोधनास लागावें. त्यांच्या प्रेरणेनें १९०१ सालीं इलिनॉय राज्यांतील जोलिएट या गांवीं तेथील हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनीं वरचे वर्ग सुरू केले. पहिल्या वर्षीं विद्यार्थी होते सहा ! तें कॉलेज आजही चालू आहे. १९०७ सालीं कॅलिफोर्नियानें कायदा करून हायस्कुलांस असे वर्ग काढण्याची मुभा दिली. अर्थात् या कल्पनेच्या मुळाशीं एक मतलब होता : सामान्यांस गांवींच थोपवावें, म्हणजे विश्वविद्यालयाचा उंबरठा झिजणार नाहीं. परंतु १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांच्या उच्च-शिक्षण-मंडळानें या मतलबाचें रूपच पालटलें. त्या मंडळानें स्पष्ट सांगितलें कीं, पहिल्या दोन वर्षांचें शिक्षण सर्वांस विनामूल्य मिळावें, त्यासाठीं गांवोगांव कम्युनिटी कॉलेजें निघावींत, आणि जें उदार शिक्षण पूर्वीं सरदारांच्या मुलांपुरतें होतें तें लोकशाहीच्या सेवेस लावावें. जें दार बाहेर ठेवण्यासाठीं बांधलें तेंच आंत घेण्यासाठीं उघडावें, असा हा ठराव होता.

हा झगडा अद्यापि मिटलेला नाहीं. १९६० सालीं कॅलिफोर्नियानें आपली प्रसिद्ध शिक्षण-योजना मंजूर केली. तिच्यांत वरच्या अष्टमांश विद्यार्थ्यांनीं विश्वविद्यालयांत, वरच्या तृतीयांशांनीं राज्य-कॉलेजांत आणि बाकी सर्वांनीं कम्युनिटी कॉलेजांत जावें, मात्र तेथून वर चढण्याचा जिना सर्वांस मोकळा असावा, अशी व्यवस्था ठरली. आणि त्याच वर्षीं बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञानें सान होझे येथील अशाच एका कॉलेजाचा अभ्यास करून दाखवून दिलें कीं, या संस्थांचें एक अघोषित कार्य विद्यार्थ्यांची महत्त्वाकांक्षा हळूहळू थंड करण्याचें असतें. कोणी 'नाहीं' म्हणत नाहीं, पण सल्लामसलतीच्या ओघांत विद्यार्थी स्वतःच आपली पायरी ओळखून घेतो. एकाच वर्षीं एकानें जिना बांधिला आणि दुसऱ्यानें त्या जिन्यावरच्या निसरड्या पायऱ्या मोजल्या. दोघेही खरे होते, हें आम्ही प्रारंभींच मान्य करतों, म्हणजे आमच्यावर भाबडेपणाचा आरोप येणार नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं.

पहिला आक्षेप असा कीं, जेथें सर्वांस प्रवेश तेथील विद्या हलकीच असणार. हा आक्षेप इतका सर्वमान्य आहे कीं त्याची तपासणी करण्याचें कोणास सुचतच नाहीं. ज्या इस्पितळांत केवळ धडधाकट माणसांस घेतात तेथील वैद्य निष्णात, असें कोणी म्हणत नाहीं. परंतु जें विश्वविद्यालय शंभरांतील नव्वदांस परत पाठवितें तेथील अध्यापन उत्तम, असें अनुमान मात्र आम्ही डोळे झांकून करतों. नकार किती दिले यावरून संस्थेची किंमत ठरते, शिकविलें काय यावरून नाहीं ! वस्तुस्थिति पाहूं गेल्यास मोठ्या संशोधन-विश्वविद्यालयांत पहिल्या दोन वर्षांचे कित्येक विषय शेंकडों विद्यार्थ्यांच्या सभागृहांत शिकविले जातात, आणि शंका विचारावयाची ती पदव्युत्तर विद्यार्थ्यापाशीं. कम्युनिटी कॉलेजाचा वर्ग बहुधा तीस-चाळीसांचा, आणि शिकविणें हेंच तेथील अध्यापकाचें काम. त्यास संशोधनाच्या निबंधांचा हिशेब द्यावयाचा नसतो.

गणपतीच्या दुसऱ्याच दिवशीं त्या मुलीनें आम्हांस आपल्या संध्याकाळच्या वर्गास नेलें. "काका, तुम्ही पाहाच एकदां," इतकेंच ती म्हणाली. अध्यापिकाबाईंची परवानगी तिनें आधींच मिळविली होती. प्लेटोचा 'क्रायटो' हा संवाद चालला होता : मित्रांनीं पळून जाण्याची सर्व सिद्धता केली असतां सॉक्रेटिसानें तुरुंगांतच राहून मरण कां पत्करावें ? आमच्या उजव्या हातास वृद्धाश्रमांत रात्रपाळी करणारी एक प्रौढ बाई होती. तिचें पुस्तक पानोपानीं पेन्सिलीनें रंगलेलें. समोर गोदामांतून थेट आलेला एक तरुण, आणि मागें सैन्यांतून परतलेला एक गृहस्थ. तो म्हणाला, "ज्या कायद्याचें मीठ खाल्लें तो आपल्यावर उलटला म्हणून मोडतां येत नाहीं." वर्गानें माना डोलविल्या. त्यावर ती बाई हळूच म्हणाली, "सॉक्रेटिसास त्याच्या नगरानें सत्तर वर्षें वाढविलें. ज्यास नगरानें कांहींच दिलें नाहीं, त्यानेंही बसून राहावें काय ?" अध्यापिकाबाई कांहीं बोलल्या नाहींत. वर्ग मिनिटभर स्तब्ध होता. आम्ही स्वतः पंचवीस वर्षें तत्त्वज्ञान शिकवीत आलों आहों. आमचे बी. ए. चे विद्यार्थी या संवादांतील युक्तिवाद क्रमवार पाठ करून येतात आणि गुणही मिळवितात. पण हा प्रश्न आमच्या वर्गांत कोणीं विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. त्या संध्याकाळीं मागलें दार कोणतें आणि पुढलें कोणतें, याविषयीं आमच्या मनांत जो गोंधळ उडाला तो अजून निस्तरलेला नाहीं.

मोठ्या नांवांनींच ज्यांचें समाधान होतें त्यांच्यासाठीं एक-दोन नांवेंही सांगून ठेवितों. ग्वेंडोलिन ब्रुक्स या कवयित्रीनें १९३६ सालीं शिकागो येथील विल्सन ज्युनिअर कॉलेजांतून आपलें शिक्षण पुरें केलें. १९५० सालीं पुलित्झर पारितोषिक मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय लेखिका ठरली. ऑस्कर इहुएलोस हा कादंबरीकार न्यूयॉर्क येथील ब्रॉन्क्स कम्युनिटी कॉलेजाच्या पायरीवरून सिटी कॉलेजांत गेला आणि १९९० सालीं त्यासही तेंच पारितोषिक लाभलें. नट टॉम हँक्स यानें तर २०१५ सालीं वृत्तपत्रांत लेख लिहून हेवर्ड येथील चॅबो या आपल्या कम्युनिटी कॉलेजाचें ऋण जाहीरपणें मान्य केलें. परंतु या नांवांवर आमची फारशी भिस्त नाहीं. लक्षांत एखादा वर आला म्हणून जिना चांगला ठरत नाहीं. तो चांगला ठरतो तो त्या रात्रपाळीच्या बाईच्या प्रश्नावरून.

दुसरा आक्षेप अधिक कावेबाज आहे, कारण तो दयेचा वेष घेऊन येतो. "गरिबांच्या मुलांस तत्त्वज्ञान कशाला ? त्यांस पोटापुरता धंदा शिकवा. प्लेटो आणि शेक्सपिअर हीं भरल्या पोटाचीं चैन." हा युक्तिवाद अमेरिकेंतील कित्येक पुढारी करतात, आणि आपल्याकडचे हितचिंतकही त्याच सुरांत बोलतात. धंदेशिक्षणास आमचा विरोध नाहीं. उत्तम परिचारिका आणि उत्तम यंत्रज्ञ यांच्यावांचून समाजाचा गाडा चालणार नाहीं. आमचा प्रश्न इतकाच कीं, श्रीमंताच्या मुलास दोन वर्षें इतिहास व तत्त्वज्ञान वाचून मग धंदा निवडण्याची सवड असावी, आणि गरिबाच्या मुलानें अठराव्या वर्षींच आपला हातोडा उचलावा, ही वांटणी कोणीं केली ? 'लिबरल' या शब्दाचा मूळ अर्थच 'स्वतंत्र मनुष्यास शोभणारें' असा आहे. ग्रीस व रोम येथें गुलामांस ही विद्या नव्हती. ती पैसेवाल्यांपुरती राखून ठेवणें म्हणजे गुलामगिरी नुसती पत्ता बदलून चालू ठेवणें होय.

आमच्या वाचकांस तर हें तर्कशास्त्र मुळींच नवें वाटूं नये. 'अधिकारभेद' हा शब्द आपल्याच घरचा आहे. अमक्यानें वेद ऐकावा, तमक्यानें ऐकूं नये. अमक्यास ज्ञान, तमक्यास सेवा, आणि तेंही त्याच्याच कल्याणासाठीं! हजारों वर्षें हा न्याय आपण चालविला आणि त्यास धर्म म्हटलें. तोच न्याय आतां प्रवेशपरीक्षांच्या आणि फीच्या रूपानें चालवितों आणि त्यास गुणवत्ता म्हणतों. याचें उत्तर ज्यानें दिलें तो पुरुषही अमेरिकेंत शिकून आला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ पासून १९१६ पर्यंत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विश्वविद्यालयांत होते. पुढें पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीनें १९४६ सालीं त्यांनीं मुंबईंत कॉलेज काढलें, तें नुसतें हस्तव्यवसायाचें नव्हतें. सिद्धार्थ कॉलेज हें आर्ट्स आणि सायन्सचें कॉलेज होतें, आणि नोकरी करणाऱ्यांस शिकतां यावें म्हणून तेथील वर्ग सकाळीं भरत. ज्यांस हजारों वर्षें केवळ हातांचें काम नेमून दिलें होतें त्यांस प्रथम विचारांचें काम दिलें पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

तिसरा आक्षेप आंकड्यांचा आहे, आणि तोच खरा आक्षेप होय. अमेरिकेंतील कम्युनिटी कॉलेजांत येणाऱ्यांपैकीं सुमारें शेंकडा ८० जणांची इच्छा चार वर्षांची पदवी घेण्याची असते. त्यांपैकीं सुमारें एक-तृतीयांशच विश्वविद्यालयांत पोंचतात, आणि सहा वर्षांत प्रत्यक्ष पदवी घेणारे शेंकडा १६ च्या आसपास निघतात. हे आंकडे वाचून ज्यास वाईट वाटणार नाहीं त्यानें या विषयावर बोलूं नये. "मग हें महाद्वार कसलें ?" असा प्रश्न करण्याचा प्रतिपक्षास पूर्ण अधिकार आहे.

आमचें उत्तर असें. प्रथम, येणारे कोण हें पाहा. तेथील बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. दिवसा नोकरी, घरीं लेंकरें किंवा म्हातारीं माणसें, आणि उरल्या वेळांत पुस्तक. घोड्यावर बसलेल्याची आणि डोक्यावर गांठोडें घेऊन चालणाऱ्याची शर्यत लावून मग "पायीं चालणें वाईट" असा निष्कर्ष काढणें हें न्यायाचें नव्हे. पण एवढ्यावर आम्ही थांबत नाहीं. वाटेंतही खड्डे आहेत, आणि ते माणसांनीं खणलेले आहेत.

पहिला खड्डा क्रेडिटांचा. अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासणी-कचेरीनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असें दिसून आलें कीं, २००४ ते २००९ या काळांत एका संस्थेंतून दुसरींत बदलून गेलेल्या विद्यार्थ्यांचीं सरासरीनें शेंकडा ४३ क्रेडिटें वायां गेलीं. हा आंकडा सर्वच तऱ्हेच्या बदल्यांचा आहे ; पण कम्युनिटी कॉलेजाच्या विद्यार्थ्यास त्याची झळ अधिक लागते, कारण त्याच्याजवळ वायां घालविण्यास ना पैसा ना काळ. यांतील युक्ति मोठी नाजूक आहे. विश्वविद्यालय "तुमचें क्रेडिट आम्हांस मान्य नाहीं" असें सहसा म्हणत नाहीं, तें म्हणतें, "मान्य आहे, पण ऐच्छिक म्हणून." म्हणजे विषय कागदावर चढतो, पण पदवीच्या आवश्यक विषयांत मोजला जात नाहीं, आणि तोच विषय पुन्हां पैसे भरून शिकावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका मुलानें तर्कशास्त्राचा अभ्यास कम्युनिटी कॉलेजांत उत्तम गुणांनीं पुरा केला होता. एका खासगी विश्वविद्यालयानें त्यास तोच अभ्यास जवळजवळ त्याच पुस्तकावरून पुन्हां करावयास लाविलें. तर्कशास्त्र दुसऱ्यांदा शिकून त्यास एकच नवा सिद्धांत कळला, तो हा कीं, या निर्णयांत तर्क कोठेंही नव्हता !

दुसरा खड्डा अभ्यासक्रमाचा. कित्येक कॉलेजांत 'लिबरल आर्ट्स' हें ज्यास अद्याप कांहींच ठरवितां आलेलें नाहीं त्याला डकविण्याचें लेबल होऊन बसलें आहे. यादींत शेंकडों विषय. त्यांतून हा थोडा, तो थोडा, वेळापत्रकांत बसेल तो. २०१५ सालीं तीन संशोधकांनीं या संस्थांच्या पुनर्रचनेविषयीं पुस्तक लिहिलें, त्यांत या पद्धतीस उपाहारगृहाची उपमा दिली आहे, ती यथार्थ आहे. भेळेंत सर्व कांहीं असतें, पण भेळेस जेवण म्हणत नाहींत. चार ग्रंथ समग्र वाचावे, दर आठवड्यास चार पानें लिहावीं, तीं कोणीतरी तपासावीं आणि पुन्हां लिहावीं, एवढें झालें तरच हें शिक्षण. नाहींतर नुसती रकान्यांची भरती. आणि येथें आम्हांस त्या हंसणाऱ्या गृहस्थांइतकाच दोष मुलीच्या आईसही द्यावा लागतो. ती कॉलेजास मागलें दार म्हणून लपविते. इतर कित्येक पालक "रकाने भरले कीं सुटलों" म्हणून त्याचा तिकिटाच्या खिडकीसारखा उपयोग करतात. दोघांच्याही दृष्टीनें हीं दोन वर्षें म्हणजे गाडी येईपर्यंत बसण्याची धर्मशाळा ! मनुष्याच्या अठराव्या आणि विसाव्या वर्षांमधला काळ, ज्या काळांत वाचलेलें हाडींमासीं खिळतें, तो वाट पाहण्यांत घालवावा, यासारखी उधळपट्टी दुसरी नाहीं.

तिसरा खड्डा अध्यापकांचा. या कॉलेजांतील बहुसंख्य अध्यापक तुकड्या-तुकड्यांनीं नेमलेले, अर्धवेळ आहेत. सकाळीं एका गांवीं, दुपारीं दुसऱ्या, रात्रीं तिसऱ्या. मधला काळ मोटारींत. कॅलिफोर्नियांत अशांस हमरस्त्यावर उडणारे पक्षी अशा अर्थाचें टोपणनांव पडलें आहे. महाराष्ट्रांतील वाचकांस हें चित्र परकें नाहीं. आपल्याकडे तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षें राबणारे प्राध्यापक पाहा : डॉक्टरेट झालेला, चाळिशी उलटलेला मनुष्य, उन्हाळ्याच्या सुटींत बिनपगारी, आणि जूनमध्यें पुन्हां नेमणूक होईल कीं नाहीं या विवंचनेंत. ज्यास उद्यांची शाश्वती नाहीं त्यानें विद्यार्थ्याचा निबंध दोनदां वाचावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी ?

या तिन्ही खड्ड्यांपैकीं एकही दाराचा दोष नाहीं. दारापासून माडीपर्यंतच्या वाटेचा आहे. जिन्याच्या पायऱ्या कुजल्या तर सुतार बोलावितात. वरच्या मजल्यावर राहण्यास खालच्यांची योग्यता नाहीं असें म्हणत नाहींत. आणि वाट दुरुस्त करतां येते याचा पुरावाही आहे. कॅलिफोर्नियानें २०१० सालीं कायदा करून कम्युनिटी कॉलेजाच्या ठराविक दोन वर्षांच्या पदवीधारकांस राज्य-विश्वविद्यालयाच्या शाखांत जागेची हमी दिली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा शाखा, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सान्ता बार्बरा आणि सान्ता क्रूझ या, अटी पुऱ्या करणाऱ्यास आगाऊ प्रवेशाचें वचन देतात. बर्कले व लॉस एंजेलिस देत नाहींत, हेंही पालकांनीं ध्यानांत ठेवावें. कोणता विषय कोठें कशाबद्दल मोजला जाईल हें तेथें लेखी जाहीर असतें. ज्यानें पहिल्याच सत्रांत तें पाहून घेतलें आणि सल्लागाराची गांठ घेतली तो सहसा फसत नाहीं. जो शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबला तो फसतो. येथून परदेशीं जाणाऱ्या मुलांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी : ४६ डॉलरांची फी रहिवाशांची आहे ; परदेशी विद्यार्थ्यास कित्येक पट अधिक पडते, आणि स्वस्ताईच्या भरंवशावर निघालेल्याचा हिशेब चुकतो.

हें सर्व सातासमुद्रांपलीकडचें, आम्हांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर सोपें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण-धोरणानें आपल्याकडेही एका संस्थेंतून दुसरींत जाण्याची, मध्येंच थांबण्याची आणि पुन्हां येण्याची वाट घालून दिली. २०२१ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें त्यासाठीं क्रेडिटांची पेढी स्थापिली. कल्पना उत्तम आहे. परंतु पेढींत ठेव असून भागत नाहीं, समोरच्या दुकानदारानें हुंडी वटवावी लागते. शहरांतील नामांकित कॉलेज तालुक्याच्या कॉलेजांतील दोन वर्षें मनापासून मोजणार आहे काय ? कीं तेंही "मान्य, पण ऐच्छिक" असें म्हणणार ? आणि ज्या घरांत 'सायन्सला नाहीं मिळालें म्हणून आर्ट्सला टाकलें' हें वाक्य मुलाच्या देखत बोललें जातें, तेथें नुसत्या धोरणानें काय होणार ? मुलाच्या कानावर ज्या दिवशीं 'टाकलें' हें क्रियापद पडतें त्या दिवसापासून इतिहासाचें पुस्तक त्यास शिक्षेचा कागद वाटूं लागतें.

आमचेंही हात या बाबतींत स्वच्छ नाहींत. तरुणपणीं रात्रीच्या कॉलेजांतून आलेल्या एका सहाध्यायाची आम्हीं मंडळींनीं अशीच टिंगल केली होती. तो दिवसा एका कचेरींत टपाल वाटीत असे, आणि आमच्यांत मूळ ग्रंथ वाचून आलेला तो एकटाच होता, हें आम्हांस फार उशिरा उमगलें. तोंवर तो कोठें गेला याचा पत्ताही उरला नव्हता. कॅलिफोर्नियांतील त्या हंशांत आम्हांस आमचाच जुना आवाज ऐकूं आला, हें येथें कबूल केलेलें बरें.

म्हणून आमचें मागणें थोडें आहे. विश्वविद्यालयांनीं कम्युनिटी कॉलेजांतील विद्या विद्या म्हणून मोजावी, उपकार म्हणून नव्हे. त्या कॉलेजांनीं आपल्या लिबरल आर्ट्सला रकान्यांच्या यादींतून सोडवून पुन्हां ग्रंथांच्या आणि लेखनाच्या पायावर उभें करावें, आणि शिकविणाऱ्यांस स्थिर बूड द्यावें. आणि पालकांनीं, मग ते पुण्यांत असोत, नागपुरांत असोत कीं सान होझेंत असोत, मुलांस विचारण्याचा प्रश्न बदलावा. "कोठें शिकतोस ?" हा प्रश्न पुष्कळ झाला. "सध्यां काय वाचतो आहेस ?" हा एकदां विचारून पाहावा. त्या संध्याकाळीं वर्गाहून परततांना आम्हीं तो त्या मुलीस विचारला. घर येईपर्यंत चार मैल ती बोलत होती. रात्रपाळीच्या त्या बाईस उत्तर काय द्यावें हें तिचें अजून ठरलें नव्हतें. दारांत आई उभी होती. पुढल्या गणपतींत तीच मंडळी जमेल आणि तोच प्रश्न निघेल. त्या वेळीं त्या माउलीनें मुलीच्या कॉलेजाचें खरें नांव चारचौघांत मोठ्यानें सांगावें, एवढीच आमची तिला विनंति आहे.